सत्कार लाइव्ह, सभासद गायब

अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच बुलढाणा जिल्ह्यातला घाटाखालचा शेतकरी फोन हातात घेऊन बसतो. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला आदल्या संध्याकाळी शेतात घट मांडलेला असतो. गोलाकार मांडलेली अठरा धान्ये, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, पुरी, पापड, भजी. पहाटे वाघ घराण्यातली मंडळी त्या रिंगणात उतरतात आणि कोणता दाणा जागचा हलला, कोणते ढेकूळ किती भिजले यावरून पाऊस-पिकाचे भाकीत सांगतात. परंपरा साडेतीनशे वर्षांची म्हणतात. तिला शास्त्रीय आधार नाही हे अंधश्रद्धा निर्मूलनवाले सांगत आले आहेत आणि प्रस्तुत लेखकालाही ते मान्य आहे. तरीही दरवर्षी तोही बघतो. पूर्वी हे भाकीत पेपरात यायचे. आता वाहिन्यांचे कॅमेरे असतात आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावणारे पंचक्रोशीतल्या पोरांचे मोबाइल. चित्र हलते, माइकमध्ये वारा घुसतो, मध्येच कुणाचे तरी डोके आडवे येते. पण बघणारा हलत नाही.

प्रस्तुत लेखकाने केलेल्या प्रक्षेपणात चित्र अजिबात हलत नव्हते. ट्रायपॉड नवा होता. हलले ते प्रेक्षक.

प्रकार असा. घाटावरच्या एका सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा होती. संस्थेचे नाव कशाला, चुका बव्हंशी लेखकाच्याच होत्या. सभासद तेराही तालुक्यांत पांगलेले, बऱ्याच जणांची मुले पुण्याकडे नोकरीला. कोरोनाच्या काळात सहकारी संस्थांना अशा सभा व्हिडिओ कॉन्फरन्सवर घेण्याची मुभा मिळाली होती, तेव्हापासून ‘आपणही लाइव्ह करू’ हे संचालकांच्या मनात होते. लेखकाला संगणकातले कळते अशी गावात एक गैरसमजूत आहे. काम त्याच्याकडे आले.

त्याने आदल्या संध्याकाळी मंगल कार्यालयात जाऊन नेटचा वेग मोजला. हॉल रिकामा होता, वेग झकास होता, आणि तो निर्धास्त घरी जाऊन झोपला. दुसऱ्या दिवशी त्याच हॉलमध्ये चारशे माणसे चारशे फोन घेऊन आली. सगळे फोन एकाच टॉवरला लटकलेले. त्यातले निम्मे सभा सुरू व्हायची वाट बघत रील बघणारे. अपलोडचा वेग असा आपटला की अध्यक्षांचा हात हार घ्यायला वर गेला तो पडद्यावर तसाच वर राहिला. नेटचा वेग म्हटला की आपण डाउनलोडचा आकडा बघतो. प्रक्षेपण मात्र अपलोडवर चालते, आणि तो वेग गर्दीत मोजायचा असतो, रिकाम्या हॉलमध्ये नव्हे. ७२० पिक्सेलच्या साध्या चित्राला सेकंदाला तीन-चार मेगाबिट पुरतात, पण हाताशी त्याच्या दुप्पट असावेत. शक्यतो वायरचे फायबर घ्यावे. ते नसेल तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे ठेवावीत. बघणाराही मोबाइलच्या चार बोटांच्या पडद्यावरच बघणार आहे. त्याच्यासाठी ‘फोर के’चा हट्ट धरणे म्हणजे बारशाला बँड लावण्यासारखे.

चित्र अडकले तरी माणूस थांबतो. आवाज गेला की उठतो. हे ज्ञान लेखकाला पहिल्या पाच मिनिटांत झाले, कारण खाली एकामागून एक तेच लिहून येऊ लागले: ‘भाऊ, आवाज नाही येऊन राहिला.’ आवाज येत होता, पण तो छताच्या पत्र्याचा, पंख्यांचा आणि मागच्या बाजूला पत्रावळी मोजणाऱ्यांचा. फोन व्यासपीठापासून चाळीस फुटांवर होता आणि स्वतःच्याच माइकने ऐकत होता. व्यासपीठावरचा प्रत्येक शब्द साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये स्वच्छ येत होता. तिथून एक वायर फोनपर्यंत ओढायची होती, बस्स. ती वायर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. मंडप-साउंडवाल्याशी आधी दहा मिनिटे बोलायला हवे होते. लेखक त्याच्याशी बोलला ते थेट जेवणाच्या पंगतीत.

मग लाईट गेली. जनरेटर होता, मिनिटाभरात सुरूही झाला. फोनला बॅटरी होती म्हणून तो चालूच राहिला. पण टॉवरवरून नेट घेणारा राउटर बंद पडून पुन्हा उठायला आणखी तीन मिनिटे गेली. राउटरला लागणारा छोटा यूपीएस काही हारांच्या किमतीत बसतो, आणि त्या दिवशी हार बरेच होते.

खरे दुखणे तिथेच होते. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत आणि व्यासपीठावरच्या एकूण एक मान्यवरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार यात चाळीस मिनिटे गेली. सुरुवातीला दीडशेच्या वर माणसे बघत होती. सत्कार संपले तेव्हा अकरा उरली, आणि त्यांत तिघे संस्थेचेच कर्मचारी. लाभांशाचा विषय निघाला तेव्हा बघायला जवळजवळ कुणी नव्हते. हॉलमधला सभासद सत्कार सुरू असताना शेजाऱ्याशी सोयाबीनच्या भावाचे बोलतो, चहा घेतो, बाहेर जाऊन येतो. फोनवरच्या सभासदाला एकच गोष्ट करता येते. ती त्याने केली.

एक गोष्ट मात्र लेखकाला आजही टोचते. घाटाखालच्या एका वयस्क सभासदाने नातवाकडून लिहून घेतलेला प्रश्न खाली आला होता: ठेवीची मुदत संपून महिना झाला, व्याज कोणत्या दराने धरणार? तो तीनदा आला. तीनही वेळा कुणी पाहिला नाही, कारण चित्र बघायला माणूस होता, प्रश्न बघायला कुणीच नेमलेला नव्हता. ही नोंद दोन दिवसांनी लेखक एकटा बसून सगळे पुन्हा बघत होता तेव्हा सापडली. अख्ख्या प्रक्षेपणात तो सभासद हा एकमेव माणूस, ज्याला खरोखर सभेला यायचे होते.

भेंडवळचे गणित त्यानंतर उलगडले. तिथे माणूस टिकतो कारण पुढे काय निघणार हे कुणालाच ठाऊक नसते आणि जे निघेल त्याच्याशी त्याचा जीव अडकलेला असतो. २७ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनापीठांच्या सुनावण्या थेट दाखवायला सुरुवात केली, त्या पहिल्याच दिवशी शिवसेनेच्या फुटीचा खटला होता. इंग्रजीतले लांबलचक युक्तिवाद, कसली सजावट नाही, निवेदक नाही, तरी महाराष्ट्र डोळे लावून बसला. उलट, लोणारचे सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झाले तेव्हा ते जगाने पाहिले ते फोटोंतून आणि लहान व्हिडिओंतून. रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आला हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले. पण कुणी सरोवराकाठी कॅमेरा लावून दिवसभर लाइव्ह केले असते तर कोण बसले असते? जे ठरलेले आहे ते रेकॉर्ड करावे, कापावे, दोन मिनिटांत दाखवावे. जे ठरायचे आहे ते थेट.

या विभागणीला एक अपवाद आहे आणि तो आपल्याच जिल्ह्यात रोज दिसतो. देवदर्शन. शेगावची श्री गजानन महाराजांची पालखी १९६८ पासून पंढरीला पायी जाते. २०२० आणि २०२१ मध्ये ती वाट बंद राहिली, मंदिरेही बंद होती. त्यातल्या पहिल्या वर्षी १ जुलैला आषाढीची महापूजा लोकांनी घरात बसून पाहिली आणि कितीतरी घरांत पडद्यापुढे हात जोडले गेले. तिथे काही अनपेक्षित घडणार नव्हते. मूर्ती तीच, आरती तीच. पण ‘आत्ता, या क्षणी’ हेच त्यात हवे होते. अशा वेळी कॅमेरा एका जागी ठेवून निवेदकाने गप्प बसावे. गुरुजींच्या मंत्रांवर आपली माहिती ओतणारा निवेदक हा एक स्वतंत्र उपद्रव आहे.

आणि तिसरे कारण, जे संस्थांच्या सर्वांत उपयोगाचे: माणसाला विचारता येते म्हणून तो येतो. २०२१ च्या खरिपात पानी फाउंडेशनने कृषी विभागाला सोबत घेऊन सोयाबीनची डिजिटल शेतीशाळा चालवली.   शेतीशाळेत पडद्यावर तज्ज्ञ आणि समोर शेतकरी. बियाण्याची उगवणक्षमता कशी तपासायची, पान पिवळे का पडले, फवारणी कधी करायची. पीक वाढेल तसा पुढचा विषय. एका मोठ्या भाषणापेक्षा हंगामभर पुन्हा पुन्हा भेटणे, आणि ज्या आठवड्यात शेतात जी अडचण त्याच आठवड्यात तिची चर्चा, यातच त्याची ताकद होती. शेतकऱ्याला कळत होते की आपला प्रश्न कुणीतरी वाचणार आहे.

तांत्रिक बाजू शिकायला पुण्या-मुंबईहून कुणाला बोलवायची गरज नाही. गावोगाव टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा आणि शंकरपट लाइव्ह करणारी पोरे आहेत. धावफलक पडद्यावर कसा टाकायचा, फोन तापला तर काय करायचे, कोणत्या शेतात कोणत्या कंपनीची रेंज आहे, हे त्यांना पाठ असते. त्यांच्या तुलनेत प्रस्तुत लेखक बालवाडीत आहे. त्यांना मानधन द्यावे, आणि अध्यक्षांच्या नातवाला मायेने बाजूला बसवावे.

त्या पोरांनी शिकवलेल्या काही गोष्टी. यूट्यूबवर नव्या चॅनेलला पहिल्यांदा लाइव्हची परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, आणि मोबाइलवरून थेट करायचे तर किमान ५० सदस्य लागतात. म्हणून चॅनेल सभेच्या सकाळी काढू नये. फेसबुकने २०२५ पासून लाइव्ह व्हिडिओ ३० दिवसच ठेवायचे ठरवले आहे, तेव्हा तो लगेच उतरवून घ्यावा. सभेआधी साउंडवाला सवयीने सिनेमाची गाणी लावतो. स्वामित्वहक्काच्या तपासणीत ती पकडली जातात आणि प्रक्षेपण थांबू शकते. यात भक्तिगीतेही आली. पसायदान ज्ञानेश्वरांचे, पण तुम्ही लावलेले ध्वनिमुद्रण एखाद्या कंपनीचे असते. त्यापेक्षा शाळेतल्या मुलींना प्रत्यक्ष गाऊ द्यावे, मात्र त्यांच्या पालकांना विचारून. हजेरीच्या वहीवर, म्हणजे सभासदांच्या फोन नंबरांवर, कॅमेरा फिरवू नये. लेखकाने तोही पराक्रम केला होता.

चॅनेल कुणाच्या नावावर आहे हे आजच बघावे. या संस्थेचा चॅनेल ज्या मुलाच्या ईमेलवर होता तो नोकरीला पुण्याला गेला आणि किल्ली त्याच्यासोबत गेली; दोन महिने संस्था स्वतःच्याच दारात उभी होती. किमान दोन जबाबदार माणसांकडे अधिकार हवेत आणि दुहेरी पडताळणी चालू हवी. २० सप्टेंबर २०२४ रोजी खुद्द सर्वोच्च न्यायालयाचा यूट्यूब चॅनेल हॅक होऊन त्यावर क्रिप्टोचलनाच्या जाहिराती झळकल्या होत्या. तिथे हे घडते, तर आपल्या पतसंस्थेचे, शाळेचे, मंडळाचे काय!

एक कायद्याची गोष्ट संचालकांनी ध्यानात ठेवावी. प्रक्षेपण बघणारा आणि सभेला हजर असणारा हे दोन वेगळे. यूट्यूबवरचे शंभर प्रेक्षक गणपूर्तीत धरता येत नाहीत, अंगठ्याची खूण म्हणजे ठरावाला मत नव्हे. सभासदाला हे आधीच स्पष्ट सांगावे, नाहीतर ‘मी तर लाइव्हवर विरोध नोंदवला होता’ असा अर्ज येतो. आला होता.

पुढच्या वर्षी त्या संस्थेने सभा पूर्वीसारखीच घेतली, सत्कारांसकट. ते बदलणे लेखकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण सत्कार लाइव्ह केले नाहीत. सभेच्या चार दिवस आधी रात्री आठला, जेवणखाण आटोपल्यावर, व्यवस्थापक आणि हिशेबनीस दोघेच एका टेबलाशी बसले. कॉलर माइक, एक फोन, राउटरला यूपीएस. अहवालातली आकडेवारी छापील घरपोच गेली होती, ती वाचली नाही. तिसरा माणूस बाजूला बसून येणारे प्रश्न नावासह मोठ्याने वाचत होता. ज्याचे उत्तर माहीत नव्हते ते ‘बघून उद्या फोन करतो’ म्हणून वहीत लिहिले गेले. पाऊण तासाचे ठरले होते, सव्वा तास चालले. बघणारे फार नव्हते, साठ-सत्तर. पण शेवटपर्यंत होते. पहिला प्रश्न लेखकाने स्वतः वाचायला लावला. तो ठेवीच्या मुदतीचा, वर्षभर जुना होता.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात, त्यामुळे बहुतेकांची धावपळ त्याआधीच्या दिवसांत असते. ज्यांनी लाइव्ह करायचे ठरवले आहे त्यांनी एवढे करावे: नेटची चाचणी गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, भर दुपारी घ्यावी. टॉवरवर खरी गर्दी तेव्हाच असते.