रायफल हाताशी नसेल तेव्हा

प्रश्न : नोकरीनिमित्त अलास्कात आहे. मित्रांसोबत मूसच्या शिकारीला निघालोय. अस्वलाच्या भीतीने जोडीला पिस्तूल घ्यावं म्हणतो. ४४ मॅग्नम की १० मिमी?

उत्तर : तुम्ही नवखे दिसता, म्हणून १० मिमी. ४४ मॅग्नमचा तडाखा मोठा, पण धक्काही तसाच. पहिली गोळी हुकली की दुसरीचा नेम धरेपर्यंत अस्वल अंगावर. ग्लॉक २० मध्ये १५ गोळ्या बसतात. पोकळ टोकाच्या मात्र नकोत, त्या पसरतात आणि खोल जात नाहीत. टणक शिशाच्या, चपट्या टोकाच्या घ्या.

खरा धोका मूस पडल्यानंतरचा. रायफल झाडाला टेकवलेली, हात कोपरापर्यंत रक्ताने माखलेले, आणि वासावर तपकिरी अस्वल आलेलं. कमरेचं पिस्तूल सॅकच्या पट्ट्याखाली अडकतं. छातीवरच्या म्यानात ठेवा. अस्वलाचा स्प्रेही हवाच, मी तर आधी तोच काढेन. तो प्रवासी विमानात, सामानातूनही नेता येत नाही. तिथेच विकत घ्या.

एच-१बी व्हिसावर असाल तर वैध शिकार परवान्यासारख्या अपवादाशिवाय बंदूक बाळगणं अमेरिकी कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय ज्या परदेशी नागरिकाचं कायमचं वास्तव्य अमेरिकेत नाही, त्याला अलास्कात मूससाठीसुद्धा परवानाधारक गाइड सक्तीचा. दुकानात जाण्याआधी वकिलाला फोन करा.