मनगट जोडल्यावर काय उरते?

कल्याण-डोंबिवलीच्या फलाटावर घसरून तळहातावर पडलेला प्रवासी बहुधा ‘लचक भरली’ म्हणून मनगट चोळून घेतो. तेथील ८ लहान हाडांपैकी होडीच्या व चंद्रकोरीच्या आकाराची दोन हाडे बांधणारा अस्थिबंध तुटला, तरी तो क्ष-किरण चित्रात उमटत नाही. हाडांमधील वाढलेली फट तेवढी कधी दिसते. उपेक्षेने काही वर्षांत सांधा झिजतो. मग होडीसारखे हाड काढून शेजारची ४ हाडे जोडतात. साधारण निम्मी हालचाल उरते. आम्ही वाणिज्य शाखेचे. वेदना जावी म्हणून हालचाल द्यावयाची, असा हा व्यवहार आम्हांस उमगला. संपूर्ण मनगट जोडल्यास ते वरखाली वाकत नाही. परंतु तळहात उताणा-पालथा होणे कोपराखालच्या २ लांब हाडांवर अवलंबून असल्याने घास घेता येतो, किल्ली फिरते. जमिनीवर तळवा टेकून उठणे मात्र अवघड जाते. नातेवाइकांनी हे शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून घ्यावे.