गायरानाला युरिया द्यावा का?

प्रश्न : आमच्या गायरानात गवत विरळ येतं. पावसाच्या तोंडावर युरिया फेकला तर चारा वाढेल असं काही जण म्हणतात. काहींच्या मते त्याने चांगल्या वनस्पती जातात. खरं काय?

उत्तर : दोन्ही खरं. चारा वाढतो आणि जाती घटतात.

याचा सर्वांत जुना पुरावा इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला आहे. जॉन लॉज आणि हेन्री गिल्बर्ट यांनी तिथल्या जुन्या गवती रानाचे तुकडे पाडून १८५६ पासून प्रत्येकाला वेगळं खत दिलं. प्रयोग अजून चालू आहे. दोन-तीन वर्षांतच तुकडे इतके वेगळे दिसू लागले, की जणू प्रत्येकात निराळं बी पेरलंय. बिनखताच्या तुकड्यात आज पस्तीसहून अधिक जाती आहेत. जिथे अमोनियम सल्फेटची मात्रा सर्वाधिक आणि चुना मात्र अजिबात नाही, तिथे दोन-तीनच उरल्या.

असं का होतं? नत्र मिळताच उंच गवतं झपाट्याने माजतात आणि बुटक्या वनस्पती त्यांच्या सावलीत मरतात. संशोधकांनी खत दिलेल्या गवतात खालच्या थराला दिव्यांचा उजेड पुरवून पाहिला, तेव्हा जाती टिकल्या. हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. शेंगवर्गीय वनस्पतींवर दुहेरी घाला पडतो. मुळांच्या गाठींतून हवेतलं नत्र मिळवणं हीच त्यांची जमेची बाजू, आणि नत्र सगळ्यांनाच मिळू लागलं की ती उरत नाही. यांच्या चाऱ्यात प्रथिनं जास्त असतात, म्हणून मला ही हानी सर्वांत मोठी वाटते. शिवाय अमोनियमयुक्त खताने माती आम्लधर्मी होते. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत ती भीती कमी. सावलीची मात्र तितकीच.

थोडं टाकलं तर? अमेरिकेत मिनेसोटातल्या सीडर क्रीकला वर्षाला हेक्टरी जेमतेम १० किलो जादा नत्राने, दोन दशकांहून अधिक काळात, जाती १७ टक्क्यांनी घटल्या.

चराईने मात्र फरक पडतो. सहा खंडांतल्या ४० गवताळ रानांच्या अभ्यासात, जिथे जनावरांनी गवत खाऊन जमिनीपर्यंत उजेड पोचू दिला, तिथे जाती टिकायला मदत झाली.

तेव्हा युरिया द्यायचा तो मुद्दाम लागवड केलेल्या चाऱ्याला, नेपियरसारख्या गवताला द्या. गायरानाच्या भागांना चराईतून आळीपाळीने विसावा द्या. मातीपरीक्षणात कमतरता दिसली तर स्फुरद द्या. रोथॅमस्टेडला नत्राविना स्फुरद-पालाश दिलेल्या तुकड्यांत शेंगवर्गीय वनस्पती वाढल्या आहेत.