कीबोर्ड घेताना कर्ण्याचा आवाज पारखावा

आपल्या पुष्कळ मंडळ्यांत पेटी-तबल्याच्या जोडीला कीबोर्ड आला आहे. कापणीच्या सणाची वर्गणी जमली की तरुण संघाकडून पंचकमिटीपुढे अरेंजर कीबोर्डची मागणी येते, आणि तिच्याबरोबर कधी कधी एक अटही असते: त्यात ट्रम्पेट, ट्रॉम्बोन खरे वाटले पाहिजेत व जॅझही वाजला पाहिजे. मागणी वाजवी आहे. परंतु पैसा मंडळीचा आहे, आणि असे वाद्य काही दर वर्षी घेता येत नाही. म्हणून या पाठात आपण ही पारख कशी करावी ते पाहू.

डाव्या हाताने कॉर्ड धरली की ड्रम, बास व इतर साथ आपोआप देतो तो अरेंजर. दुकानदार प्रथम आत किती आवाज आहेत तो आकडा सांगतो. त्या आकड्याने आपण भुलू नये. पियानोची पट्टी दाबली की स्वर उमटतो व विरत जातो. त्यामुळे तो कीबोर्डात सहज साधतो. ट्रम्पेटचे तसे नाही. तो श्वासावर चालतो. हळू फुंकला तर स्वर गोल येतो, जोराने फुंकला तर तो केवळ मोठा होत नाही, धारदारही होतो. एका श्वासात दोन स्वर जोडले तर दुसऱ्याला जिभेचा ठोका लागत नाही. जॅझचा वादक तर स्वर सोडताना त्याला मुद्दाम खाली घसरू देतो. (स्तोत्र १५० मधील वाद्यांत पहिले नाव फुंकून वाजविण्याच्या वाद्याचे आहे, हे गायनसंघाने ध्यानात घ्यावे.)

तेव्हा दुकानात गेल्यावर डेमो गाणे बंद करण्यास सांगावे. ते कसलेल्या हाताने बसविलेले असते. साथ बंद, घुमाराही बंद. मग ट्रम्पेटचा एकच आवाज निवडून एकच पट्टी हळू, मध्यम व जोराने दाबावी. फक्त आवाज वाढला व रंग तोच राहिला, तर पुढे पाहण्याची गरज नाही. नंतर पहिली पट्टी न सोडता दुसरी दाबावी: स्वर जोडले जातात की दोन वेगळे ठोके पडतात? शेवटी एकच पट्टी भराभर आठ वेळा वाजवावी. आठही स्वर एकाच छापाचे निघाले तर कान लगेच ओळखतो.

यामाहा कंपनी या सोयीला 'सुपर आर्टिक्युलेशन' म्हणते, कॉर्ग 'डीएनसी' म्हणते. नावे निराळी, हेतू एकच: बोटांच्या चालीवरून, बटणाने अथवा पायाच्या पेडलने स्वराची जोड, घसरण, कंप बदलणे. यामाहाचा पीएसआर-एसएक्स९०० हा २०१९ साली निघाला व २०२४ मध्ये त्याची जागा एसएक्स९२० ने घेतली. जुना चांगल्या स्थितीत मिळाला तर आमच्या मते लहान मंडळीला तो पुरे आहे. कॉर्गचा पीए१००० देखील शेजारी ठेवून ऐकावा.

एवढे करूनही वाजविणारा चुकला तर पितळ पेटीसारखेच वाजते. मधल्या सी खालच्या ई च्या खाली ट्रम्पेट सहसा उतरत नाही. कीबोर्ड मात्र निमूटपणे उतरू देतो. एका ट्रम्पेटवर तीन बोटांची कॉर्ड धरू नये. त्यासाठी ब्रास सेक्शनचा आवाज घ्यावा. आणि ओळीच्या शेवटी हात उचलावा, कारण फुंकणाऱ्याला श्वास घ्यावा लागतो.

जॅझचा ठेका ऐकताना जोडीतला पहिला स्वर लांब व दुसरा आखूड पडतो का ते पाहावे. बास एकेका मात्रेवर चालत गेला पाहिजे. यामाहाच्या स्टाईलमध्ये साथीचे आठ भाग असतात. त्यांपैकी 'फ्रेज' या भागांत बहुधा ब्रासचे फटकारे भरलेले असतात. आपण उजव्या हाताने ट्रम्पेट वाजविणार असू तर ते भाग बंद करावेत, नाहीतर दोन बँड एकमेकांशी भांडतात.

कान तयार करण्यास दूर जावे लागत नाही. १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटाचे संगीत सी. रामचंद्र यांचे. त्यांच्याबरोबर काम करणारे चिक चॉकलेट हे गोव्यातील हळदोण्याचे, खरे नाव अँटोनियो झेवियर वाझ. त्या चित्रपटातील गाण्यांत ब्रास कोठे थांबते, कोठे फटकारा देते, हे तरुणांनी दुकानात जाण्यापूर्वी आठवडाभर ऐकावे. तोच कान तेथे उपयोगी पडेल.

खर्चाचा अंदाज करताना एक गोष्ट पंचकमिटीला आधी सांगावी. यामाहा जेनोस किंवा कॉर्ग पीए५एक्स अशा वरच्या वाद्यांत स्पीकर बसविलेले नसतात. स्पीकर, स्टँड व पायाचे पेडल यांच्या किमती त्याच दिवशी लेखी मागून घ्याव्यात, आणि शक्य असल्यास वाद्य मंदिरातील स्पीकरवर ऐकल्याशिवाय पैसे देऊ नयेत.