चिठ्ठी शेवटी उचलली म्हणून नशीब फिरतं का?

प्रश्न : आमच्या इमारतीत ९ बिऱ्हाडं आणि छपराखाली गाडी लावायला जागा फक्त ४. दरवर्षी चिठ्ठ्या टाकतो. चारांवर ‘जागा’, बाकीच्या कोऱ्या. यंदाही माझी पाळी शेवटची आली आणि सलग तिसऱ्या वर्षी कोरी निघाली. आधी उचलणाऱ्यांचा फायदा होतो, हे खरं ना?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : डबा तुमच्यापर्यंत येईतो चारही जागा संपलेल्या असतात, ही तुमची तक्रार. ऐकायला पटते. पण समजा, नऊही जणांनी चिठ्ठी उचलून न उघडता मुठीत धरली आणि मग सगळ्यांनी एकदम उघडली, तर आधी उचलण्याचा फायदा कुठे राहिला?

आकड्यांत पाहू. पहिल्याला जागा मिळण्याची शक्यता ९ मध्ये ४. त्याला मिळाली, तर दुसऱ्यासाठी ८ चिठ्ठ्यांत ३ जागा उरतात. नाही मिळाली, तर ८ मध्ये ४. दोन्ही शक्यतांचा मिळून हिशेब केला की येतात ७२ पैकी ३२, म्हणजे पुन्हा ९ मध्ये ४. शेवटच्या माणसापर्यंत हेच. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या उघडलेल्या असल्यामुळे शेवटच्याला आपला निकाल उचलण्याआधीच कळतो, आणि तेच मनाला लागतं.

गडबड होते ती चिठ्ठ्या तयार करताना. कागद लहानमोठे, एखादीची घडी जाड, किंवा डबा नुसता हलवल्यासारखा केलेला. व्हिएतनाम युद्धासाठी अमेरिकेने १ डिसेंबर १९६९ रोजी जन्मतारखांच्या ३६६ कुप्या एका काचेच्या भांड्यातून काढल्या. ज्याची तारीख आधी, त्याला सैन्यात आधी बोलावणं. कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि नीट ढवळल्या नव्हत्या. परिणामी वर्षअखेरच्या महिन्यांतल्या तारखा जास्त करून लवकर निघाल्या. पुढच्या वर्षी पद्धत सुधारावी लागली.

आपल्याकडे हे भान जुनं आहे. तामिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकातल्या चोळकालीन शिलालेखात ग्रामसभेच्या समित्या चिठ्ठ्यांनी निवडण्याची रीत कोरलेली आहे. मडकं सगळ्यांना दिसेल असं उचलून धरायचं, चिठ्ठ्या हलवायच्या आणि आत काय आहे याची कल्पना नसलेल्या लहान मुलाने एक काढायची. तुमच्या बैठकीतही एखादं पोर चिठ्ठी काढत असेल, तर त्यामागे हाच विचार आहे.

आता ‘सलग तीन वर्षं’ पाहू. कोरी निघण्याची शक्यता दर वेळी ९ मध्ये ५. तिन्ही वेळा कोरीच निघण्याची सुमारे १७ टक्के, म्हणजे साधारण सहा घरांपैकी एकाच्या वाट्याला हे येणारच. त्यात कुणाची लबाडी लागत नाही. आणि ‘तीनदा हुकली, आता चौथ्यांदा नक्की’ हाही भ्रमच. डब्याला मागच्या वर्षीचं काही आठवत नाही.

आठवण हवी असेल, तर ती नियमात घालावी लागते. भिशीत हेच करतात: एकदा उचल झालेल्याचं नाव फेरी संपेपर्यंत डब्यात पुन्हा जात नाही. चिठ्ठी समान संधी देते, समान वाटा देत नाही. वाटा हवा तर भिशीची रीत घ्या. यंदा मिळालेली चार घरं पुढच्या वर्षी बाहेर ठेवा. उरलेल्या पाचांत चार जागा, आणि त्यातूनही सुटलेल्या घराला तिसऱ्या वर्षी न उचलताच मिळेल. मात्र हे चिठ्ठ्या टाकण्याआधी ठरलं पाहिजे. कोरी उघडल्यावर नवा नियम सुचवला, तर शेजारी ऐकून घेणार नाहीत, आणि त्यांचं चूकही नाही.

तोवर एकाच मापाचे कागद कापा, एकसारख्या घड्या घाला, डबा चांगला हलवा आणि सगळ्यांनी एकदम उघडा. पुढच्या वर्षी कुणी आधी उचलायची घाई केली तर करू द्या. तुम्ही निवांत चहा संपवा.