न दाखविलेलें भय

दिवेलागणीची वेळ आहे, मुलें अंगणांत खेळत आहेत आणि आई स्वयंपाकघरांत भाकरी थापीत आहे. मुलांचा गलबला कानीं पडतो आहे, तोंवर ती निश्चिंत असते. परंतु तो एकाएकीं थांबला कीं ती तवा तसाच ठेवून दाराशीं येते. तिनें भयंकर असें कांहीं पाहिलेलें नसतें; जें ऐकूं येत होतें तें येईनासें झालें, एवढेंच. खरें भय बहुधा असेंच उपजतें. आणि चित्रपटकलेंतील थोर कारागिरांनीं हेंच मर्म ओळखून आपल्या कृतींचे आरंभ रचले आहेत.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं पुष्कळांनीं भयपट पाहिले असतील. कांहींनीं तर ते मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावर, वडील मंडळींच्या नकळत पाहिले असतील! त्यावरून अक्राळविक्राळ चेहरा, किंकाळी आणि रक्त म्हणजेच भय, असा तुमचा समज होणें साहजिक आहे. पण त्यांनीं माणूस दचकतो. आणि दचकणें निराळें, भिणें निराळें. दचका क्षणांत ओसरतो, भीति मनांत घर करते. तिचा पाया चित्रपटाच्या पहिल्या कांहीं मिनिटांतच घातला जातो. त्याचीं साधनें तीन : कॅमेरा, ध्वनि आणि संकलन. संकलन म्हणजे चित्रित केलेले तुकडे निवडून ते विशिष्ट क्रमानें जोडणें.

या तिन्ही साधनांचा धडा घ्यावयाचा तर फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा ‘एम’ हा जर्मन चित्रपट पाहावा. तो १९३१ सालीं प्रदर्शित झाला. लांगचा तो पहिलाच बोलपट. यांत भुतेंखेतें नाहींत. एका शहरांत लहान मुलांचे बळी घेणारा कोणी अज्ञात मनुष्य फिरत आहे, एवढीच कथावस्तु.

पडदा अजून काळा आहे तोंच एका मुलीचा आवाज ऐकूं येतो. मग चौकांत गोल उभीं राहिलेलीं मुलें दिसतात. कॅमेरा उंचावरून त्यांच्याकडे पाहत असतो, त्यामुळें तीं अधिकच लहान आणि असहाय वाटतात. त्यांच्या खेळांतलें गाणें त्या मारेकऱ्याविषयींचेंच आहे. वरच्या मजल्यावरील एक बाई त्यांना दटावते; क्षणभर गप्प राहून मुलें पुन्हां गाऊं लागतात. ती बाई ही तक्रार घेऊन शेजारणीकडे जाते. ही शेजारीण कपडे धुऊन पोट भरणारी एक कष्टाळू माता आहे. ती म्हणते कीं, मुलांचें गाणें ऐकूं येतें आहे तोंवर तीं आहेत हें तरी कळतें. हें साधें वाक्य नीट लक्षांत ठेवा. पुढील सारी रचना त्यावर उभी आहे.

भिंतीवरील घड्याळांत बारा वाजतात. आईच्या मुद्रेवर हसूं उमटतें, कारण तिची एल्सी आतां शाळेंतून येणार. येथून संकलनाचें काम सुरू होतें. एकदां आई दिसते, एकदां मुलगी. आई पानें मांडीत आहे. मुलगी चेंडू आपटीत रस्त्यानें येत आहे. तिचा चेंडू एका खांबावर आपटतो. त्यावर मारेकऱ्यास पकडून देणाऱ्यास बक्षीस देण्याची जाहिरात चिकटविलेली आहे. त्याच जाहिरातीवर एका पुरुषाची सावली पडते आणि ती सावली गोड आवाजांत मुलीचें नांव विचारते! चेहरा दाखविलेला नाहीं. आईला हें ठाऊक नाहीं, मुलीला तें कळत नाहीं. कळतें तें केवळ प्रेक्षकाला, आणि त्याला तर पडद्यांत हात घालतां येत नाहीं. दोन तुकड्यांमधील ही असहायता म्हणजेच ताण.

तो मनुष्य मुलीला फुगा घेऊन देतो आणि ग्रीग या नॉर्वेजियन संगीतकाराची एक धून शिटीवर वाजवितो. या चित्रपटास पार्श्वसंगीत नाहीं. म्हणूनच ती शीळ मनावर कोरली जाते. इकडे जिन्यावर पावलें वाजतात, पण तीं दुसऱ्याच मुलांचीं असतात. घंटी वाजते, पण दारांत विक्रेता उभा असतो. आशा दोनदां उंचावते आणि दोनदां कोसळते. शेवटीं आई ‘एल्सी’ म्हणून हांक मारते. त्या हांकेवर आपणांस दिसतो रिकामा जिना, कपडे वाळत घातलेला ओसाड माळा, मांडलेलें पान आणि त्यापुढील रिकामी खुर्ची. मग झुडपांतून घरंगळत येणारा चेंडू. आणि तारांत अडकून वाऱ्यानें सुटून जाणारा फुगा. शस्त्र नाहीं, किंकाळी नाहीं. गाणें ऐकूं येतें तोंवर मुलें आहेत, असें आईच म्हणाली होती. आतां कांहींच ऐकूं येत नाहीं.

याच्या अगदीं उलट प्रकार स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या १९८० सालच्या ‘द शायनिंग’ या चित्रपटाच्या आरंभीं आढळतो. येथें अंधार नाहीं. सरोवर, पर्वत आणि स्वच्छ दिवस आहे. घाटांतून एक इवलीशी पिवळी मोटार चालली आहे आणि हेलिकॉप्टरमधील कॅमेरा पक्ष्याप्रमाणें तिच्यामागें तरंगत आहे. दृश्य रम्य असूनही मन अस्वस्थ होतें, कारण ‘हें पाहतो आहे कोण?’ असा प्रश्न उभा राहतो. त्यांत पार्श्वसंगीत मिसळतें तें ‘दिएस इरे’ या स्तोत्राच्या चालीवर बांधलेलें. अंतिम न्यायाच्या दिवसाचें हें मध्ययुगीन लॅटिन स्तोत्र मृतांसाठीं होणाऱ्या उपासनेंत गाइलें जात असे. डोळे सांगतात कीं प्रवास सुखाचा आहे, कान सांगतात कीं हा अंत्यविधि आहे; आणि मन दोहोंच्या कचाट्यांत सांपडतें.

हें पडताळून पाहण्याचा एक सोपा उपाय आहे. कोणत्याही चित्रपटाचा आरंभ एकदां आवाज बंद करून पाहावा, एकदां डोळे मिटून नुसता ऐकावा आणि तिसऱ्यांदा दृश्य किती वेळां बदलतें तें मोजावें. भीति कोठून येते हें ध्यानांत आलें म्हणजे आपण तिचे दास राहत नाहीं. पालकांनाही विनंति आहे कीं, हे चित्रपट लहानांसाठीं नव्हेत हें खरें. परंतु जाणत्या मुलांस नुसती मनाई करण्यापेक्षां त्यांच्याशेजारीं बसून ‘तुला येथें भय कां वाटलें?’ असें विचारणें अधिक फलदायी होईल.

त्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना आणखी एक गोष्ट उमगेल. राक्षसानें अनोळखी माणसास खाल्लें तर आपण दचकतों आणि विसरतों. एल्सीचें रिकामें पान मात्र विसरत नाहीं. कारण तें मांडणाऱ्या आईची माया आपण आधीं पाहिलेली असते. जेथें माया नाहीं तेथें खरें भयही नाहीं. जो चित्रपट आपणांस केवळ घाबरवितो तो हलका. जो भिववितां भिववितां दुसऱ्याच्या लेंकराची काळजी करावयास लावतो, तो पाहणें व्यर्थ गेलें असें म्हणवत नाहीं.