माणूस आणण्याआधी जागा तयार ठेव

पोरी, तुझ्या कॉलेजात मेंदूसंशोधनासाठी अध्यापक नेमायचे ठरले आणि ते काम तुझ्याकडे आलं, हे ऐकून फार बरं वाटलं. हैदराबादेत या विषयाला जितकी अनुकूल जमीन आहे तितकी देशात फार थोड्या शहरांत असेल. ती पडीक राहू नये, म्हणून मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून जे कळलं ते तुझ्या कानावर घालतो.

जाहिरातीचा मसुदा लिहायला बसू नकोस. आधी न्यूरॉलॉजी ओपीडीचं रजिस्टर मागवून घे. वर्षभरात कोणते आजार येतात, कुठल्या गावाहून येतात, पेशंट पुन्हा येतो की नाहीसा होतो, ते बघ. आपल्याकडे नांदेड-देगलूरहून पेशंट येतात, आदिलाबादहून येतात. आदिलाबादकडच्या म्हाताऱ्याच्या घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि बसस्टँडवर दख्खनी असते. हे आपल्याला रोजचं म्हणून दिसत नाही. आपल्या शहरातल्या निम्स रुग्णालयातल्या डॉ. सुवर्णा अल्लाडींना ते दिसलं. स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी त्यांच्या गटाने तपासल्या. त्यांतले ३९१ जण एकाहून जास्त भाषा बोलणारे होते, आणि त्यांच्यात आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेली आढळली. कधी शाळेची पायरीही न चढलेल्यांतही हा फरक दिसला, त्यामुळे सगळं श्रेय शिक्षणाचं आहे असं म्हणायला जागा उरली नाही. २०१३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. त्यात निम्सचे डॉ. सुभाष कौल होते, उस्मानिया विद्यापीठाच्या भाषाशास्त्रातल्या दुग्गिराला वसंता होत्या, हैदराबाद विद्यापीठाचे बापी राजू होते आणि एडिंबरोचे थॉमस बाक होते. या कामाचा पाया कोट्यवधींचं यंत्र नव्हतं. नीट लिहिलेले केसपेपर होते, आणि शहराच्या तीन टोकांना बसलेली माणसं एकमेकांशी बोलत होती.

तुला असा माणूस शोधायचा आहे. आपल्या वॉर्डातल्या आजाराकडे बघून ज्याला प्रश्न पडतो, तो. नलगोंड्याचं उदाहरण त्याहून जुनं आहे. पाण्यातल्या फ्लोराइडमुळे हाडं वाढतात, मज्जारज्जूवर दाब येतो आणि पाय लुळे पडतात. त्या जिल्ह्यातल्या फ्लोरोसिसवर सिद्दिकी यांचा लेख १९५५ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला होता. पुढे डॉ. डी. राजा रेड्डी यांनी या आजाराच्या मज्जासंस्थेवरच्या परिणामांवर बरंच लिहिलं. हे सगळं आपल्या शेजारचं आहे. जाहिरातीत नुसतं ‘न्यूरोसायन्स’ लिहिलंस तर अर्जांचा ढीग येईल आणि त्यात तुझा माणूस दडपून जाईल. स्मृतिभ्रंश, पक्षाघात, अपस्मार, जे तुमच्याकडे खरोखर आहे ते नाव घालून लिही.

आता नियमांचं. इथे भलेभले फसतात, म्हणून आस्थापना विभागातल्या क्लार्ककडे स्वतः जाऊन बस. पद कोणत्या विभागात आहे, बिंदुनामावलीत कुठल्या प्रवर्गाचं आहे, आणि त्यावर बिगरवैद्यकीय माणूस चालतो का, हे लेखी घे. मेडिकल कौन्सिलच्या काळात अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजीत ३० टक्क्यांपर्यंत एम.एस्सी.-पीएच.डी. झालेले शिक्षक घेता येत. २०२० मध्ये ते प्रमाण १५ टक्क्यांवर आलं. २०२५ च्या नियमांनी मधल्या काळात बंद झालेलं फार्माकॉलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजीचं दार पुन्हा उघडलं. उमेदवाराची पदवी कोणत्या विषयातली आहे हे निवडीआधी तपास. उत्तम माणूस निवडायचा आणि नंतर तपासणीत त्याचं नाव मोजलं जात नाही असं निघायचं, यासारखा अन्याय नाही. तो त्याच्यावर होतो, आपल्यावर नाही.

फिजिऑलॉजीत गेलेला मेंदूसंशोधक बाजूला पडतो अशी एक समजूत आहे. ती मला मान्य नाही. बी. के. आनंद यांनी १९५१ मध्ये येलला ब्रोबेक यांच्याबरोबर उंदरांच्या हायपोथॅलॅमसमधलं भुकेचं केंद्र दाखवलं आणि पुढे दिल्लीच्या एम्समध्ये फिजिऑलॉजीचाच विभाग उभा केला. विभागाच्या पाटीने काही अडत नाही. विभागप्रमुखाला संशोधनाची चाड आहे की नाही, यावर सगळं आहे.

मुलाखत अर्ध्या तासात उरकू नकोस. दोन दिवस ठेव. पहिल्या दिवशी त्याला त्याच्या संशोधनावर बोलू दे, आणि लगेच पहिल्या वर्षाच्या एमबीबीएसच्या वर्गात क्रियाविभवावर एक तास घ्यायला लाव. शिकवायचा कंटाळा असेल तर तो तिथे लपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत बसव. काही विचारू नकोस, नुसती बघत राहा. मी एकदा असाच कोपऱ्यात बसलो होतो. रेसिडेंट एका आजीबाईंना सांगत होता, एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावं आठवतील तितकी सांगा. आजींनी तेलुगूत कुत्रा, मांजर, म्हैस सांगितलं, मध्येच अडखळल्या आणि पुढची नावं दख्खनीत घेऊ लागल्या. रेसिडेंटने तेलुगूतली तेवढी मोजली. शेजारी बसलेल्या उमेदवार मुलीने हळूच विचारलं, दुसऱ्या भाषेतली का सोडलीत? म्हैस दोन्ही भाषांत आली तर एकदा धरायची की दोनदा? मग ती आजींच्या मुलाकडे वळली आणि घरात कोण कुठल्या भाषेत बोलतं ते विचारू लागली. माझ्यापुरती निवड तिथेच झाली होती. तिच्याहून लांब शोधनिबंधांची यादी असलेला एक जण त्याच सकाळी मोबाइल बघत बसला होता.

निवड झाली की खरं काम सुरू होतं, आणि नेमकं तिथेच आपण हात झटकतो. नेमणुकीच्या पत्रात पगार आणि पद एवढंच असतं. त्याबरोबर तुझ्या सहीचं दुसरं पत्र दे: खोली कोणती, किती तास शिकवायचं, आठवड्यातले कोणते दिवस संशोधनाचे आणि त्या दिवशी परीक्षेच्या ड्युट्या लागणार नाहीत. पत्रावर डीनची सही घे, कारण डीन बदलतात. उणे ८० अंशांचा फ्रीझर येणार असेल तर त्याची लाइन जनरेटरवर आहे का, रात्री वीज गेली तर वॉचमनने कोणाला फोन करायचा, हे तो रुजू होण्याआधी ठरव. एका उन्हाळी रात्रीत दोन वर्षांचे नमुने वाया जातात. सरकारी खरेदीला महिने लागतात, म्हणून यादी आधीच मागवून निविदा लावून ठेव. प्राण्यांवरचं काम असेल तर नोंदणी आणि एथिक्स कमिटीची तारीखही आधीच बघ.

पैशाबद्दल मोकळं बोल. एम.डी. झालेल्या सहकाऱ्याला प्रॅक्टिस न करण्याचा भत्ता मिळतो, पीएच.डी. वाल्याला मिळत नाही. हे त्याला पहिल्या पगाराच्या स्लिपवरून कळता कामा नये. परदेशातून येणारा असेल तर केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या (डीबीटी) रामलिंगस्वामी फेलोशिपची माहिती त्याला तू दे. संशोधनाला पैसा देणाऱ्या इंडिया अलायन्सचं ऑफिस तर आपल्याच शहरात आहे. अर्ज लिहिताना संस्थेच्या बाजूची कागदपत्रं वेळेवर मिळाली नाहीत म्हणून चांगले अर्ज राहून जातात. तेवढी धावपळ तू कर.

एकट्याला आणू नकोस. डॉक्टरांच्या कॉलेजात एकटा शास्त्रज्ञ दोन वर्षांत कोमेजतो. जेवणाच्या टेबलावर त्याच्या कामाबद्दल विचारणारं कोणी नसतं. एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने काय केलं ते बघ. सीसीएमबी या इथल्या पेशी आणि रेणूजीवशास्त्राच्या संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. डी. बालसुब्रमणियन तिथे संशोधनाची धुरा घ्यायला गेले. जाणता माणूस वर असल्यावर तरुणांना यायला भरवसा वाटतो. तुला एवढा मोठा माणूस मिळेलच असं नाही, पण दोन पदं एकत्र भर आणि प्रत्येकाला न्यूरॉलॉजीतला एक जोडीदार डॉक्टर नावानिशी ठरवून दे. सीसीएमबी किंवा हैदराबाद विद्यापीठाबरोबर विद्यार्थी वाटून घेता येतील का, तेही बोलून ठेव. नवरा-बायको दोघंही संशोधक असले तर दुसऱ्याची चौकशी आपणहून कर. हब्सिगुड्याला एकाची नोकरी आणि पंजागुट्ट्याला दुसऱ्याची असं असेल तर मेट्रोने अमीरपेटला गाडी बदलून जमतं. गच्चीबोवली आणि बीबीनगर मात्र एका घरातून रोज जमत नाही.

डॉ. अल्लाडी पुढे बेंगळूरूच्या निम्हान्सला गेल्या. माणसं जातात, त्यात गैर काही नाही. पण त्यांच्यामागे रजिस्टर, नोंदी आणि शिकलेले विद्यार्थी राहिले पाहिजेत. म्हणून पहिल्या दिवसापासून नोंदी विभागाच्या नावावर ठेव. पहिली दोन वर्षं शोधनिबंध मोजू नकोस. किती पेशंट पुन्हा तपासणीला आले, ते मोज.

आणि ज्यांची निवड झाली नाही त्यांना विसरू नकोस. आपल्याकडे उमेदवार महिनोन्‌महिने उत्तराची वाट बघतो, शेवटी त्याला तिसऱ्याकडून कळतं. हे क्षेत्र लहान आहे. आज परत गेलेली मुलगी पाच वर्षांनी दुसऱ्या पदासाठी तुला हवी असेल. निकाल लागला की त्याच आठवड्यात प्रत्येकाला पत्र पाठव, आणि ते क्लार्ककडून नको, तू स्वतः लिही.